बाबांना पेसमेकर बसला आणि घड्याळजीचे प्रश्न सुरू झाले

कृष्णाकाठ:

गेल्या गुरुवारी बाबांना पेसमेकर बसवला. वय ७४. दोन महिन्यांपासून मधेच डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एकदा तर दुकानातच काम करता करता टेबलावर डोकं टेकलं. नाडी मोजली तर ३४. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, कम्प्लीट हार्ट ब्लॉक, वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाहीये. दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याखाली छोटा छेद घेऊन काडेपेटीपेक्षा लहान डबी कातडीखाली बसवली, शिरेतून एक वायर हृदयात सोडली. तासाभराचं काम, तिसऱ्या दिवशी घरी.

बाबा सांगलीत घड्याळजी आहेत. ४९ वर्षं भिंग डोळ्याला लावून बसले आहेत. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी काही शंका आहेत का विचारलं. आई पथ्यपाण्याचं विचारणार होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आत सेल कुठला आहे?"

घरी आल्यापासून तेच चालू आहे. पहिला कुणी बनवला, कुणाला बसवला, किती चालला. म्हणून मी शोधून वाचून दाखवायला लागलो. ८ ऑक्टोबर १९५८, स्टॉकहोमचं कॅरोलिन्स्का रुग्णालय. रुग्ण आर्ने लार्सन, वय ४३, दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्यांची पत्नी एल्स-मारी सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. यंत्र अजून माणसात घालण्याजोगं झालेलं नाही असं ते सांगत होते, ती म्हणे मग तसं बनवा. एल्मक्विस्टने दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट आणि रिचार्जेबल सेल इपॉक्सीत ओतला, आणि साचा म्हणून वापरला बूटपॉलिशचा डबा! पहिला पेसमेकर काही तासांत बंद पडला, लगेच दुसरा बसवला. पुढे आयुष्यभरात एकूण २६. लार्सन २००१ साली, ८६ व्या वर्षी गेले, तेही त्वचेच्या कर्करोगाने. सर्जन आणि इंजिनिअर दोघंही त्यांच्या आधी गेले होते.

तो सेल बाहेरून कॉइल धरून चार्ज करावा लागे, हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे चावी द्यायचा पेसमेकर."

तर धागा यासाठी की हृदयावरच्या उपकरणांमध्ये तुम्हाला सगळ्यात मोलाचा शोध कोणता वाटतो? नुसतं नाव नको. तुमच्या घरात, ओळखीत तो कसा आला तेही लिहा. बाबांना रोज एक प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

सुलेखा_ठाणे:

बाबांना नमस्कार सांगा आणि डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ देऊ नका, वायर सरकू शकते. माझ्या सासूबाईंना २०१६ मध्ये बसला. आता ८३ च्या आहेत आणि पेसमेकरचं कार्ड पदराच्या गाठीत ठेवतात. देवळात मेटल डिटेक्टरपाशी ते कार्ड काढून दाखवतात, मग पोलीसदादा त्यांना बाजूने आत सोडतो. आता सगळ्या मैत्रिणी दर्शनाला यांच्याच मागे उभ्या राहतात.

आडवाटेचा:

सुंदर धागा. पेसमेकरच्या सेलबद्दल थोडं, खास बाबांसाठी.

सुरुवातीला पारा-जस्ताचे सेल वापरत. ते जेमतेम दोन वर्षं चालत, आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटे. त्यामुळे डबी पक्की हवाबंद करता येत नसे, आणि हवाबंद नसली की शरीरातला ओलावा आत शिरून सर्किट बिघडे. ही गाठ विल्सन ग्रेटबॅच नावाच्या इंजिनिअरने सोडवली. अमेरिकेत बफेलोला राहायचा. त्याची मूळ गोष्टही भारी आहे. हृदयाचे आवाज टिपणारं सर्किट जोडत होता, खोक्यातून चुकीचा रेझिस्टर हाती लागला. दहा हजार ओहमच्या जागी दहा लाख ओहमचा. सर्किट चालू केलं तर एक ठोका, मग सेकंदभर शांतता, मग पुन्हा ठोका. त्याने ओळखलं की हे तर हृदय चाललंय. घरामागच्या कोठारात बसून हाताने पन्नास पेसमेकर बनवले. ट्रान्झिस्टर तपासायचं काम त्याची बायको एलिनॉर करायची. १९६० साली त्याचा पेसमेकर डॉ. चार्डॅक यांनी माणसात बसवला.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लिथियम-आयोडीनचा सेल पेसमेकरसाठी आणला. त्यातून वायू सुटत नाही, म्हणून टायटॅनियमची डबी वेल्डिंगने पूर्ण बंद करता आली. आणि हा सेल अचानक मरत नाही. त्याचा आतला रोध हळूहळू वाढत जातो, त्यामुळे सेल संपत आलाय हे महिनोन् महिने आधी तपासणीत कळतं. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोलाचा शोध हा सेल. २६ वेळा पेसमेकर बदलून घ्यायला लार्सनसारखी हिंमत आणि नशीब लागतं, सेलने ती वेळ फार कमी वेळा आणली.

कृष्णाकाठ:

@आडवाटेचा, बाबांना दोनदा वाचून दाखवलं. वायूचा मुद्दा त्यांना लगेच पटला. घड्याळात सेल गळला की पहिल्यांदा सर्किटचं तांबं हिरवं पडतं, असं म्हणाले. आणि हिशेब करून सांगितला: एचएमटीचं चावीचं घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं, हृदय ४,३२०. "घड्याळाला जास्त काम, पण घड्याळ दर चार वर्षांनी माझ्याकडे तेलपाण्याला येतं."

बाळबोध:

मला तर स्टेथोस्कोपच मोठा वाटतो. १८१६, पॅरिस. लेनेक नावाच्या डॉक्टरला तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची गुंडाळी करून ऐकलं. आजही दवाखान्यात पहिलं तेच यंत्र अंगाला लागतं.

झुळूक:

खूप दिवस नुसती वाचक होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं.

माझ्या छातीत एक झडप आहे, थिरुवनंतपुरमला जन्मलेली.

लहानपणी घसा सारखा धरायचा, एकदा गुडघे-घोटे सुजून महिनाभर शाळा बुडली होती. आमचं गाव साताऱ्याकडचं, कुणी म्हणालं वाढत्या वयाचं दुखणं, काढा दिला. तो संधिवाताचा ताप होता, रुमॅटिक फीव्हर. घशातल्या जंतूंशी लढायला शरीर जी हत्यारं काढतं ती हृदयाच्या झडपांवरच उलटतात, आणि हे कळायला पुढे पंधरा वर्षं जातात. मला कळलं पहिल्या बाळंतपणात. सातव्या महिन्यात दोन जिने चढले की धाप, रात्री उशी उंच करून बसायची. इको केला तर डावीकडची झडप, मायट्रल, पार आकसलेली आणि गळकी. कसंबसं बाळंतपण पार पडलं, आणि मुलगी दहा महिन्यांची असताना २००९ मध्ये झडप बदलली.

सर्जननी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक नमुना माझ्या तळहातावर ठेवला होता. धातूची कडी, त्याभोवती पांढऱ्या कापडाची शिवण, मधे दुधी रंगाची चकती. बोटाने ढकलली की तिरपी उघडायची, सोडली की मिटायची. म्हणाले, ही चित्रा झडप, आपल्याकडे बनते, परदेशी झडपेपेक्षा पुष्कळ स्वस्त. तेव्हा मी एवढंच विचारलं की किती वर्षं टिकेल. ते म्हणाले, तुमच्यापेक्षा जास्त.

आज सतरा वर्षं होत आली. रोज रात्री रक्त पातळ ठेवायची गोळी, महिन्याला पीटी-आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी), मेथी-पालक खायचा तर दर आठवड्याला सारखाच. मुलगी लहान असताना छातीला कान लावून झोपायची. शाळेत एकदा तिने सांगितलं, माझ्या आईला चावी द्यायला लागत नाही तरी ती टिकटिक करते. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं!

माझ्यासाठी मोलाचा शोध तीच चकती.

जुनाकेईएम:

झुळूक, तुमचा प्रतिसाद वाचून वॉर्ड आठवला. आमच्या विद्यार्थीदशेत मेडिसिनच्या वॉर्डात निम्म्या खाटांवर तुमच्यासारख्या विशी-पंचविशीतल्या मुली असत. गाल लालसर, मानेच्या शिरा उडणाऱ्या, रात्रभर बसून. तरुण वयात झडपा जाण्याचा हा आजार प्रामुख्याने गरिबीचा, दाटीवाटीच्या घरांचा. श्रीमंत देशांत तो जवळपास संपला, त्यामुळे स्वस्त झडप बनवायची निकड तिकडे कुणाला नव्हती.

चित्रा झडपेमागे डॉ. एम. एस. वलियाथन. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे तेव्हाचे संचालक. स्वतः हृदयशल्यविशारद, पण सर्जनच्या बरोबरीने इंजिनिअर बसल्याशिवाय हे होणार नाही हे ओळखणारे. राजघराण्याने दिलेल्या सॅटेलमंड पॅलेसमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती. राजवाड्यात झडपा! पहिली चित्रा झडप ६ डिसेंबर १९९० रोजी माणसात बसली. आज ती संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. डॉ. वलियाथन २०२४ मध्ये गेले.

आडवाटेचा:

त्यातला इंजिनिअरिंगचा भाग मला फार आवडतो. पहिली तीन मॉडेलं फसली. झडप दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा उघडते-मिटते, वर्षाला पावणेचार कोटी वेळा. तेवढी घासाघीस सहन करायला काहीतरी अतिशय कठीण हवं असं कुणालाही वाटेल. म्हणून एका मॉडेलमध्ये चकती कृत्रिम नीलमाची केली होती. ती चाचणीत फुटली. चकती फुटली म्हणजे माणूस काही मिनिटांत गेला, सगळं परत पहिल्यापासून.

चौथ्या मॉडेलमध्ये त्यांनी उलटा विचार केला. कडी कोबाल्टच्या कठीण मिश्रधातूची, चकती मात्र प्लास्टिकची. अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलिन, ज्याचे कृत्रिम गुडघ्यातले भाग बनतात तेच. मऊ चकती धक्का गिळते, कडीला खात नाही, आणि आवाजही कमी करते. झुळूक यांच्या मुलीला कान लावल्यावरच टिकटिक ऐकू यायची ती त्यामुळे. डॉ. भुवनेश्वर हे त्या चमूतले प्रमुख इंजिनिअर. पुढे तंत्रज्ञान चेन्नईच्या टीटीके समूहाकडे गेलं, म्हणून नाव टीटीके-चित्रा.

कृष्णाकाठ:

बाबा आज फार बोलले. नीलमाचं वाचल्यावर उठून दुकानातली जुनी सतरा ज्वेलची मशीन काढून आणायला सांगितली (दुकानात जायला अजून बंदी आहे, म्हणून मला धाडलं). घड्याळातली ती गुलाबी ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिक. माणिक आणि नीलम एकाच जातीचे, रंग फक्त वेगळा. "दगडावर पोलाद फिरतं ते तेलाच्या थेंबावर. मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक थेंब, तोही वाळला की चक्र थांबतं. छातीत तेल कोण घालणार? मग एकाने मऊ व्हायला पाहिजे."

झुळूकताई, त्यांनी तुम्हाला विचारलंय की उन्हाळ्यात टिकटिक बदलते का. घड्याळाची बदलते म्हणे.

झुळूक:

बाबांना सांगा, उन्हाळ्यात नाही, पण ताप आला की जलद होते आणि डाव्या कुशीवर झोपलं की मोठी. आजवर कुणी हे विचारलं नव्हतं.

लेडएप्रन:

नाशिकला कॅथ लॅबमध्ये (हृदयाच्या धमन्यांतले अडथळे एक्स-रेखाली बघून काढतात ती खोली) टेक्निशियन आहे, सोळा वर्षं. आयडी तिथे घालायच्या शिशाच्या एप्रनवरून.

माझं मत बलूनला. मनगटातल्या शिरेतून केसासारखी तार आत जाते, अडथळ्याच्या पलीकडे पोचते, तारेवरून मिटलेला फुगा सरकतो, आणि बारा-चौदा अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने काही सेकंद फुगवतो. ट्रकच्या टायरपेक्षाही जास्त दाब, दोन-तीन मिलिमीटरच्या नळीत. पडद्यावर आधी शीर चिमटलेली दिसते, मग काळी रेघ सरळ खाली धावते. पेशंट जागा असतो. अटॅकमध्ये आलेला माणूस, घामाने निथळलेला, राखेसारखा चेहरा, आणि फुगा सोडल्यावर मिनिटभरात म्हणतो, दुखायचं थांबलं. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

हे आणलं आंद्रेआस ग्रुएन्टसिगने. झुरिकमधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर संध्याकाळी सहकाऱ्यांना घेऊन बसायचा आणि हाताने फुगे बनवायचा. अडचण अशी की साधा फुगा अडथळा चुकवून मोकळ्या बाजूला फुगतो. त्याला हवा होता ठरल्या मापापलीकडे न फुगणारा, लांबट फुगा. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्येच त्याने पहिल्यांदा माणसाच्या हृदयाच्या धमनीत तो वापरला. रुग्ण ३८ वर्षांचा. १९८५ साली ग्रुएन्टसिग विमान अपघातात गेला. त्यानंतर वर्षभरात, १९८६ मध्ये, तुलूजला प्युएल आणि लोझानला सिगवार्ट यांनी पहिले स्टेंट, म्हणजे जाळीच्या बारीक नळ्या, बसवले. फुगा काढल्यावर शीर परत मिटायची, तिला आतून आधार मिळाला.

माणदेशी:

लेडएप्रन, तुमच्याबद्दल आदर आहे, पण स्टेंट म्हटलं की माझ्या पोटात वेगळंच कालवतं.

२०१३. वडिलांना अटॅक. आटपाडीहून गाडी करून मोठ्या शहरात नेलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले स्टेंट टाकायचा, साधा की औषधवाला, दहा मिनिटांत सांगा. औषधवाला एक लाख पस्तीस हजार. वडील टेबलावर, मी बाहेर, हातात फोन. त्या वर्षीचं डाळिंब नुकतंच व्यापाऱ्याला दिलं होतं, ते सगळं गेलं. वडील वाचले, आजही शेतात जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटची कमाल किंमत ठरवली, साधा ७,२६० आणि औषधवाला २९,६००. पेपर हातात घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. आदल्या दिवशी लाखाच्या घरात असलेली वस्तू दुसऱ्या दिवशी तीस हजारांच्या आत, आणि कंपन्या चालूच. मग आमचं डाळिंब कुठे गेलं?

मोलाचा शोध विचारताय तर माझ्या लेखी तो आदेश. ज्या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात त्यासाठी याचिका लावून धरली, त्यांचे उपकार.

धोपटमार्ग:

माणदेशी, तुमचं दुःख खरं आहे, पण किंमत ठरवणं हा शोध नव्हे. आदेशानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट भारतातून काढून घेण्याची परवानगी मागितली होती. नवं संशोधन पैशावर चालतं. पैसा मिळणार नसेल तर पुढचा ग्रुएन्टसिग टेबलावर बसणार कशाला?

माणदेशी:

पैशासाठी बसला होता का तो? वर वाचा, घरच्या टेबलावर बसला होता.

जुनाकेईएम:

दोघांनाही सांगतो. उपकरणाची कल्पना बहुतेक वेळा स्वस्तात जन्मते आणि चाचण्या, कारखाना, परवाने यांत महाग होते, हे धोपटमार्ग यांचं बरोबर आहे. पण किंमत कमी ठेवणं हेसुद्धा डिझाइनचंच काम असू शकतं. चित्रा झडप त्या अटीवरच सुरू झाली. १९९८ मध्ये हैदराबादला डॉ. सोमा राजू आणि डॉ. कलाम यांनी देशी स्टेंट काढला तोही त्याच विचाराने. क्षेपणास्त्राचे धातू जाणणारा माणूस आणि हृदयाचे डॉक्टर एकत्र बसले.

मुंबईतल्या आमच्या केईएम रुग्णालयातलीही एक गोष्ट सांगतो, फार कुणाला ठाऊक नसते. तिथले हृदयशल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन. डॉ. बर्नार्ड यांच्या केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या मानवी हृदयारोपणानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, त्यांनी परळला ते करून पाहिलं होतं. रुग्ण काही तासच जगला. पण मला त्याहून विलक्षण वाटतं ते त्यांचं १९६५ चं काम. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूला रक्त थेट कप्प्यातूनच मिळतं, वेगळ्या धमन्यांवर सगळी मदार नसते. मग माणसाच्या धमन्या बंद झाल्या तर स्नायूलाच सुईने बारीक भोकं पाडून कप्प्यातलं रक्त का पाजू नये? डॉ. सेन, डॉ. पारुळकर आणि सहकाऱ्यांनी त्याला ट्रान्समायोकार्डियल अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं आणि अमेरिकेतल्या नियतकालिकात छापलं. पुढे अमेरिकेत हेच लेझरने करायची यंत्रं निघाली. त्या पद्धतीचा उपयोग मर्यादितच ठरला. पण सापाकडे बघून हृदयाचा विचार करणारी माणसं परळच्या त्या इमारतीत होती, हे आठवलं की ऊर भरून येतो.

उत्तरध्रुव:

स्टॉकहोमहून. कामावर जाताना रोज सोलनाला कॅरोलिन्स्कावरून बस जाते. धागा वाचल्यापासून काल पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. कृष्णाकाठ, बाबांना एक जास्तीची माहिती: एल्मक्विस्टने त्याआधी ईसीजीची रेघ शाईच्या बारीक फवाऱ्याने काढणारं यंत्र बनवलं होतं.

सुलेखा_ठाणे:

ईसीजीवरून आठवलं. आइन्टहोव्हेनचं पहिलं ईसीजी यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं म्हणे, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत. १९२४ चं नोबेल. आता आमच्या गल्लीतली नर्सताई पिशवीतून मशीन काढते आणि चहा होईपर्यंत रिपोर्ट देते.

एक व्यवहाराची गोष्ट, जरा जड आहे पण कुणीतरी लिहायला हवी. माझे मामा गेले तेव्हा त्यांना पेसमेकर होता हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गॅसदाहिनीपाशी तिथल्या कर्मचाऱ्याने हळूच विचारलं, "काकांना छातीत मशीन होती का?" मामी हो म्हणाल्या. भट्टीच्या उष्णतेत सेल फुटतो, स्फोट होतो, माणसाला इजा होऊ शकते. मग डॉक्टरना बोलावलं, त्यांनी तिथल्याच खोलीत दोन मिनिटांत डबी काढून मामींच्या हातात दिली. मामींनी ती पदराने पुसली आणि म्हणाल्या, "अजून चालू असेल का हो?"

घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या.

जुनाकेईएम:

सुलेखा, बरं केलंत लिहिलंत. आणि मामींचा प्रश्न अगदी खरा आहे. सेलमध्ये पुष्कळदा वर्षं शिल्लक असतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईच्या रुग्णांवरचा अभ्यास आला होता. अमेरिकेत काढलेले, सेल शिल्लक असलेले डिफिब्रिलेटर निर्जंतुक करून इथल्या ८१ गरीब रुग्णांना बसवले होते. नवीन घेण्याची त्यांची ऐपतच नव्हती. ती यंत्रं नीट चालली, अनेकांची बिघडलेली लय त्यांनी शॉक देऊन जागेवर आणली.

हे छातीतलं डिफिब्रिलेटर मिशेल मिरोव्स्की यांचं. त्यांचे गुरू डॉ. हेलर यांना हृदयाची लय बिघडण्याचे झटके येत, १९६६ मध्ये ते त्यातच गेले. कायम दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवणं शक्य नव्हतं. मग पहारेकरीच छातीत बसवता येईल का, हा ध्यास मिरोव्स्कींनी घेतला. मोठमोठ्यांनी कल्पना वेडगळ ठरवली. चौदा वर्षांनी, १९८० च्या फेब्रुवारीत, बाल्टिमोरला पहिलं माणसात बसलं.

धोपटमार्ग:

माणदेशी, कालपासून विचार करतोय. दहा मिनिटांत सांगा म्हणून बाहेर उभं राहण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही. माझ्या मुद्द्यावर मी आहे, पण त्या दहा मिनिटांत भाव सांगणं मला मान्य नाही. तेवढा शब्द लिहून ठेवतो.

माणदेशी:

आटपाडीला या. डाळिंब देतो.

लेडएप्रन:

स्टेंटबद्दल एक सगळ्यांसाठी: खोक्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते केस पेपरला चिकटवतात. डिस्चार्जच्या वेळी ते बघून मागा आणि बिलाशी ताडून घ्या. तुमचा हक्क आहे. आणि अँजिओप्लास्टी काय, झडप काय, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा, नंतर नको.

कृष्णाकाठ:

एक तातडीचा प्रश्न. बाबांच्या दुकानात डीमॅग्नेटायझर आहे. घड्याळ चुंबकाजवळ राहिलं की आतली केसासारखी स्प्रिंग एकमेकींना चिकटते आणि घड्याळ पळायला लागतं, ते उतरवायचं यंत्र. निळा डबा, बटण दाबून वर घड्याळ फिरवायचं. हे पेसमेकरला चालेल का?

आडवाटेचा:

नको! त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं. पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके ऐकत असतो आणि कमी पडले तरच ठोका देतो. असल्या गोंगाटात तो चुकीचं ऐकू शकतो. साधा चुंबक छातीवर ठेवला तर तो ऐकणंच थांबवून ठरलेल्या गतीने ठोके देत बसतो. तपासणीत मुद्दाम तसं करतातही. मोबाइल डाव्या खिशात नको, इंडक्शन शेगडीपासून दोन हात लांब. डीमॅग्नेटायझरचं डॉक्टरांना विचाराच, पण तोवर दुकानातल्या दुसऱ्या कुणाला तरी वापरू द्या.

झुळूक:

कृष्णाकाठ, मूळ प्रश्न सगळ्यांना विचारलात, बाबांचं स्वतःचं उत्तर काय?

कृष्णाकाठ:

उशिरा लिहितोय, सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत थांबलो होतो.

काल झाली. माउसएवढं एक यंत्र सदऱ्यावरून डबीवर धरलं, पडद्यावर सगळं उमटलं. सेल साडेदहा वर्षं. वायर जागेवर. बाबांनी यंत्र धरणाऱ्या टेक्निशियन मुलाला विचारलं, "बसवल्याची तारीख आत कोरली आहे का?" आम्ही घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि दुकानाची खूण कोरतो. पुढच्या कारागिराला कळतं की कुणी, कधी हात लावला. तो म्हणाला, काका, तारीख मेमरीत आहे, डबीवर नंबर आहे.

झुळूकताई, रात्री जेवताना त्यांना विचारलं. सेल म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, "ती बाई. लार्सनची. यंत्र तयार नव्हतं, तिने तयार करायला लावलं." आई वाढत होती. तिच्याकडे बघितलं नाही, पण ताटातली जिलबी तिच्या ताटात सरकवली. बाबांना नाडी मोजायला दवाखान्यात ओढून नेलं होतं ते आईनेच, ते तर "ऊन लागलंय" म्हणत होते.

आज सकाळी भिंग लावून बसले आणि पेसमेकरच्या कार्डाच्या मागे, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या अक्षरांत, तारीख आणि दुकानाची खूण कोरली. उद्यापासून दोन तास दुकानात जाणार आहेत. डीमॅग्नेटायझर मी घरी आणून माळ्यावर ठेवलाय.